ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस: टीबी आहे की नाही, हे ठरवायचं कसं?

सोनटक्का
नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र. आज मात्र धागा काढायची वेळ आली.

मी तिशीतली, मूल शाळेत जायला लागलंय, अंगावर पाजणं कधीच बंद झालंय. डाव्या स्तनात वरच्या बाजूला कडक गाठ लागली. आधी नुसतीच हाताला लागायची, मग ठणकायला लागली, वरची कातडी लाल झाली. फॅमिली डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं, फरक नाही. दुसरं दिलं, तरी नाही. मग सर्जननी पू समजून चीर दिली. थोडा पू निघाला, पण जखम काही भरेना, अजून झिरपते आहे.

सोनोग्राफीत बायरॅड्स ४ आलं, म्हणजे कॅन्सरची शंका. त्या दिवशी घरात कोणी जेवलं नाही. सुईची तपासणी झाली, तिचा रिपोर्ट असा: 'ग्रॅन्युलोमॅटस इन्फ्लमेशन. कॅन्सरच्या पेशी नाहीत. टीबी नाकारता येत नाही. कृपया क्लिनिकली कोरिलेट करावे.' ग्रॅन्युलोमा म्हणजे दाहाच्या पेशींचे बारीक पुंजके आणि मॅस्टायटिस म्हणजे स्तनाचा दाह, एवढं गूगलवरून कळलं.

आता सर्जन म्हणतात, सहा महिन्यांचा टीबीचा कोर्स सुरू करू. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले, त्या फक्त स्तनाचे आजार बघतात. त्या म्हणाल्या, हा इडिओपॅथिक, म्हणजे कारण न सापडणारा, प्रकार असू शकतो, त्याला स्टिरॉइड लागतं. मी विचारलं, टीबी असताना स्टिरॉइड दिलं तर? म्हणाल्या, टीबी भडकेल. आणि टीबी नसताना टीबीचा कोर्स? लिव्हरला फुकटचा ताप.

मग ठरवतात कसं? कोणी यातून गेलंय का?

कावळा
आधी गूगल बंद करा. आत्ताच्या आत्ता.

सोनटक्का
@कावळा उशीर झाला. चौथ्या पानावर पोचले आहे.

रानजाई
सोनटक्का, कॅन्सरच्या पेशी नाहीत हे वाक्य पुन्हा एकदा वाच. बायरॅड्स ४ ऐकून माणूस अर्धा खचतो, पण ती श्रेणी अवाढव्य आहे. २ टक्क्यांच्या वर आणि ९५ च्या खाली शक्यता असलेलं सगळं तिच्यात बसतं. 'बायोप्सी करा' एवढाच तिचा अर्थ घ्यायचा.

माझं तर थेट ५ आलं होतं. मॅमोग्राफीत वेडीवाकडी घट्ट जागा, सोनोग्राफीत काळपट ओबडधोबड गाठ आणि तिच्यातून बोटांसारखे फाटे निघालेले, काखेतल्या गाठीही सुजलेल्या. रेडिओलॉजिस्ट बाई माझ्याशी इतक्या हळू आवाजात बोलायला लागल्या की मी मनातल्या मनात मृत्युपत्र करून टाकलं. बायोप्सीत निघालं हेच, तुझं आहे ते. फोटोत हा आजार कॅन्सरची हुबेहूब नक्कल करतो, एमआरआयसुद्धा खात्रीने वेगळं करू शकत नाही.

तुझी सुईची तपासणी झाली म्हणतेस. बारीक सुईची की जाड सुईची? बारीक असेल तर जाड सुईची, म्हणजे ट्रू-कट किंवा कोअर बायोप्सी झाल्याशिवाय कोणताच कोर्स सुरू करू नकोस, असं मी डॉक्टरांना स्पष्ट विचारलं असतं.

सोनटक्का
बारीक सुईची. एफएनएसी लिहिलंय.

निनाद७
प्रश्न बाळबोध वाटेल, पण एफएनएसीत ग्रॅन्युलोमा दिसला ना? मग जाड सुईने तोच ग्रॅन्युलोमा जास्त जाड दिसणार का? पुन्हा टोचून घ्यायचं कशाला?

पॅथकाका
निवृत्त पॅथॉलॉजिस्ट. उपचारांबद्दल बोलणार नाही, तो माझा प्रांत नाही. काचेच्या या बाजूने काय दिसतं ते सांगतो.

निनाद, विटा तपासून घराचा नकाशा कळत नाही. बारीक सुईत पेशी सुट्या सुट्या येतात. ग्रॅन्युलोमा आहे हे कळतं, तो कुठे बसलाय हे कळत नाही. आणि या आजारात सगळी मेख 'कुठे' यातच आहे. दूध तयार करणाऱ्या ग्रंथींचे बारके पुंजके असतात, ते लोब्यूल. इडिओपॅथिक प्रकारात ग्रॅन्युलोमा या लोब्यूलना धरून असतात. त्यांच्यात एपिथेलिऑइड पेशी, राक्षसी पेशी, भरपूर न्यूट्रोफिल (पूमधल्या पांढऱ्या पेशी) आणि मधेच पूचे बारीक साठे. टीबीत मधोमध मेलेलं ऊतक, म्हणजे केझिएशन, सापडायची अपेक्षा असते आणि ग्रॅन्युलोमा लोब्यूलचा मुलाहिजा ठेवत नाहीत. 'अपेक्षा' हा शब्द मुद्दाम वापरतोय. केझिएशन नसलेला टीबीही असतो.

मग नाव कसं द्यायचं? हे निदान बाकीची नावं खोडत खोडत होतं. टीबी खोडायचा, बुरशी खोडायची, सारकॉइडोसिस (अंगात ठिकठिकाणी ग्रॅन्युलोमा करणारा आजार) खोडायचा, रक्तवाहिन्यांच्या सुजेचे आजार खोडायचे, आत सिलिकॉनसारखी परकी वस्तू गेली नाही ना ते बघायचं, दुधाच्या नलिका फुगून होणारा दाह वेगळा काढायचा. सगळं खोडून झालं आणि लोब्यूल धरून बसलेला ग्रॅन्युलोमा उरला, की मग 'इडिओपॅथिक'. केसलर आणि वोलॉक या दोघांनी १९७२ मध्ये हा आजार स्वतंत्र म्हणून मांडला, आणि त्यांच्या लेखाच्या शीर्षकातच होतं की हा कॅन्सरसारखा भासतो. त्यामानाने स्तनाचा टीबी फार जुना. अॅस्टली कूपर या इंग्रज सर्जनने १८२९ मध्ये तो लिहून ठेवलाय. टीबीचा जंतू तेव्हा कोणाला ठाऊकही नव्हता.

आता सर्वांत कामाची गोष्ट, आणि ती बायोप्सीच्या आधी सांगायची असते. काढलेले सगळे तुकडे सवयीने फॉर्मालिनच्या बाटलीत जातात. स्लाइड बनवायला ते हवंच. पण फॉर्मालिनमध्ये जंतू मरतात, आणि मेलेला जंतू कल्चरमध्ये वाढत नाही. म्हणून एखाद-दुसरा तुकडा निर्जंतुक डबीत, सलाईनमध्ये, वेगळा ठेवून मायक्रोबायोलॉजीकडे जायला हवा. टीबीची जीनएक्सपर्ट (जंतूचे जनुक शोधणारी तपासणी), टीबीचं कल्चर, साधं जिवाणूंचं कल्चर आणि बुरशीचं कल्चर त्यातून होतं. एकदा सगळं फॉर्मालिनमध्ये पडलं की कल्चरची संधी गेली, पुन्हा टोचण्यावाचून इलाज नाही. डबी कोणती, हा प्रश्न पेशंटने विचारला म्हणून कोणाचा अपमान होत नाही.

रानजाई
काका, हे मला त्या वेळी कोणी सांगितलं असतं तर! सगळे तुकडे एकाच बाटलीत गेले. नंतर डॉक्टर म्हणाले, 'कल्चर पाठवलं असतं तर बरं झालं असतं.' असतं, असतं.

तिरकस
पॅथकाका, सगळं पटलं. पण तेवढं 'कृपया क्लिनिकली कोरिलेट करावे' म्हणजे काय ते सांगून टाका. मला आजवर मिळालेल्या प्रत्येक रिपोर्टच्या तळाशी ते आहे. कोणी कोरिलेट करताना दिसलं नाही.

पॅथकाका
@तिरकस म्हणजे असं की, मला एक तुकडा आला, सोबत एक चिठ्ठी आली, चिठ्ठीवर लिहिलंय 'गाठ, स्तन'. बाई पाजते आहे का, ताप होता का, घरात कोणाला टीबी झाला होता का, अँटिबायोटिक किती झालं, आधी चीर दिली का, मानसिक आजाराच्या गोळ्या चालू आहेत का, काही नाही. मी तुकड्यात दिसलं ते लिहिणार आणि उरलेलं ज्याने पेशंट पाहिलाय त्याच्याकडे सोपवणार. चिठ्ठी चार ओळींची आली तर रिपोर्टही जास्त ठाम येतो. पेशंटने स्वतः फॉर्म भरताना हे लिहून घेतलं तरी चालतं.

तिरकस
दंडवत. पुढच्या वेळी चिठ्ठीवर निबंध लिहून देतो.

मनमोर
सगळे 'टीबी नाहीच' या सुरात बोलायला लागलेत म्हणून लिहिते. माझ्या जावेला स्तनाचा टीबीच निघाला. काखेत गाठी, छातीच्या कडेला वाहणारी जखम, संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरलेलं. टीबीच्या गोळ्यांवर सगळं बसलं. सहा महिने घेतल्या, आज ठणठणीत आहे. तिथे कोणी स्टिरॉइड दिलं असतं तर काय झालं असतं? सोनटक्का, सर्जनला असं उडवून लावू नका.

उर्मी
@मनमोर, तुमच्या जावेबद्दल नाही म्हणत, पण एक गोष्ट लक्षात घ्या. टीबीच्या गोळ्या चालू असताना गाठ बसली, एवढ्यावरून तो टीबीच होता हे सिद्ध होत नाही. इडिओपॅथिक प्रकार बऱ्याच जणींत काही महिन्यांत किंवा वर्षभरात आपोआप विझतो. त्या काळात जे काही चालू असेल त्याला श्रेय मिळतं. माझ्या मैत्रिणीचं हेच झालं. कोर्स पूर्ण केला, गाठ गेली, सगळे खूश, आणि पुढे दुसऱ्या बाजूला तीच गाठ. तेव्हा कुठे कोअर बायोप्सी झाली आणि टीबी नाही असं निघालं.

मनमोर
@उर्मी, तिच्या तुकड्यात केझिएशन होतं आणि कल्चरमध्ये जंतू वाढले होते. नुसतं बरं वाटलं म्हणून नाही बोलत मी.

उर्मी
मग प्रश्नच मिटला. पुरावा असेल तर टीबीचा कोर्स, त्याबद्दल कोणाचाच वाद नाही. वाद आहे तो पुराव्याशिवाय सुरू करण्याबद्दल.

मनमोर
हे मान्य. पण पुरावा मिळत नाही म्हणून टीबी नाही, असंही नाही ना?

पॅथकाका
दोघींचंही बरोबर आहे, आणि डॉक्टर अडकतात ते नेमके इथेच. स्तनातल्या टीबीत जंतू फार थोडे असतात. झील-नील्सन, म्हणजे टीबीचे जंतू रंगवून दाखवणारं, रंगकाम करून स्लाइडवर ते दिसले तर निकाल लागला, पण खऱ्या टीबीतही बहुतेक वेळा ते दिसत नाहीत. जीनएक्सपर्ट मशीनला दोनेक तास लागतात, ती पॉझिटिव्ह आली तर मोठा पुरावा, निगेटिव्ह आली तर शंका कमी होते, शून्य होत नाही. कल्चर जास्त भरवशाचं, पण ते सहा ते आठ आठवडे घेतं. आणि मॅन्टू (कातडीत टोचून करायची टीबीची चाचणी) किंवा रक्तातून होणारी तशीच चाचणी, आयजीआरए, पॉझिटिव्ह येणं म्हणजे जंतूशी कधीतरी गाठ पडली होती, इतकंच. जिथे टीबी सर्रास आढळतो तिथे धडधाकट माणसांचीही ती पॉझिटिव्ह येते. स्तनातली गाठ टीबीची आहे, हे त्यावरून ठरवता येत नाही.

म्हणून कोणताही एक कागद निकाल देत नाही. छातीचा एक्स-रे, घरातला इतिहास, ताप-वजन, तुकड्याची रचना, रंगकाम, जीनएक्सपर्ट, कल्चर हे सगळं शेजारी ठेवून बघावं लागतं. यालाच कोरिलेट म्हणतात, तिरकसराव.

तिरकस
नोंद घेतली.

निनाद७
म्हणजे आठ आठवडे गाठ ठणकत बसायचं?

रानजाई
@निनाद७ ठणका कमी करायला वेदनाशामक असतातच. पू साचला तर तो सोनोग्राफीत बघून सुईने ओढून काढता येतो. चीर देण्यापेक्षा ते बरं, कारण या आजारात चीर दिली की ती जागा वाहत राहते. सोनटक्काच्या बाबतीत तेच झालेलं दिसतंय. मुख्य म्हणजे कॅन्सर नाही हे कोअर बायोप्सीत पक्कं झालं की थांबायला जीव धजावतो.

अबोली
माझी सुरुवात छातीने झालीच नाही. घोटे सुजले, मग नडग्यांवर लालसर दुखऱ्या गुठळ्या आल्या. मी संधिवाताच्या डॉक्टरांकडे. त्यांनी गुठळ्या बघून एरिथेमा नोडोसम म्हटलं आणि विचारलं, अंगावर अजून कुठे काही आहे का? छातीत गाठ होती, पण ती मी दुधाची जुनी गाठ समजून सोडून दिली होती. त्यांनी तिथल्या तिथे बायोप्सीला पाठवलं. तोवर दोन डॉक्टरांनी पाय बघितले होते, छातीबद्दल कोणीच विचारलं नव्हतं.

सोनटक्का, नडग्या बघ एकदा.

सोनटक्का
@अबोली अगं बाई. उजव्या नडगीवर दोन आहेत. दाराला आपटले असेन म्हणून लक्षच दिलं नाही. हे दोन्ही डॉक्टरांना सांगितलेलं नाही.

अबोली
सांग. पण हुरळून जाऊ नकोस, टीबीतही एरिथेमा नोडोसम येऊ शकतं. सारकॉइडोसिसमध्येही येतं. चिठ्ठीवर लिहायला मात्र हवं.

वाटसरू
पुरुषाने या धाग्यावर लिहावं की नाही असा विचार करत होतो. बहिणीला हाच आजार झाला, म्हणून लिहितो. तिला मूल नाही, त्यामुळे 'हे बाळंतपणानंतर होतं' म्हणून हे नाव कोणी काढलंच नाही. बाळंतपणानंतरच्या काही वर्षांत जास्त आढळतं हे खरं. पण ती मानसिक आजारावरची रिस्पेरिडॉन घेत होती, आणि त्या गोळीने प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं संप्रेरक, वाढतं. बाळ नसताना दूध येत होतं, तेही ती लाजेने बोलली नाही. रक्तात प्रोलॅक्टिन तपासल्यावर उलगडा झाला. मनोविकार डॉक्टरांनी गोळी बदलली, हळूहळू. स्वतःहून बंद करू नका, ते फार महागात पडतं. प्रोलॅक्टिन वाढण्याचं कारण मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतली छोटी गाठही असू शकते, म्हणून ती तपासणी यादीत असावी.

आणि हो, हा आजार पुरुषांतही क्वचित नोंदलेला आहे. तेव्हा पुरुषांनी धागा वाचायला हरकत नाही.

कावळा
वाटसरू, लिहिलंत ते बरं केलंत.

टिटवी
एवढं घोळत बसण्यापेक्षा गाठ काढून का टाकत नाहीत? माझी काढली. पूर्ण काढून टाकली, तपासायलाही अख्खी मिळाली, कोअरचं नाही न् फाइनचं नाही. पुन्हा काही झालं नाही.

रानजाई
@टिटवी तुझं छान झालं, आनंद आहे. पण सगळ्यांचं तसं होत नाही गं. काढल्यावरही पुन्हा येतो, जखमा महिनोन् महिने भरत नाहीत, आणि गाठ मोठी असेल तर आकार बिघडतो. स्वतःहून विझू शकणाऱ्या आजारासाठी एवढं मोठं ऑपरेशन आधीच का, असं माझ्या डॉक्टरांचं म्हणणं पडलं.

टिटवी
माझी लहान होती, एका कडेला होती. असेल फरक. पण निदान होईपर्यंतची ती टांगती तलवार मला झेपलीच नसती, हेही खरं.

उर्मी
लहान, एका जागची गाठ आणि वाहत्या तोंडांची अर्धी छाती, दोन्हीला हेच नाव आहे. त्यामुळे एकीचा अनुभव दुसरीला लागू पडत नाही. हे मी स्वतःलाही बजावतेय, कारण मैत्रिणीचं उदाहरण मीच वर दिलंय.

निनाद७
पॅथकाका, 'इडिओपॅथिक' म्हणजे कारण माहीत नाही. पण मी कुठेतरी एका जिवाणूबद्दल वाचलं. कोरीनबॅक्टेरियम आणि पुढे काहीतरी जीभ वळत नाही असं.

पॅथकाका
क्रोपेनस्टेटी. मला आजही एका दमात लिहिता येत नाही. हा जिवाणू १९९८ मध्ये शास्त्राला माहीत झाला, आणि पुढच्या काही वर्षांत न्यूझीलंडमधल्या डॉक्टरांना तो अशा स्तनदाहाच्या नमुन्यांत सापडायला लागला. गंमत अशी की त्याला जगायला चरबी लागते. स्लाइडवर पूच्या मधोमध रिकामे गोल पोकळे दिसतात, तिथली चरबी विरघळून गेलेली असते, आणि ग्राम रंगकाम केलं तर त्या पोकळ्यात एखाद-दुसरा निळा दांडा लपलेला असतो. या रचनेला सिस्टिक न्यूट्रोफिलिक प्रकार म्हणतात. शोधला नाही तर दिसत नाही.

कल्चरमध्ये तो हळू वाढतो आणि साध्या माध्यमात नीट वाढतही नाही, चरबी घातलेलं माध्यम लागतं. लॅबने दोन दिवसांत 'वाढ नाही' लिहून ताटली फेकली की संपलं. वाढलाच तर 'कातडीवरचा जंतू, नमुना दूषित' असाही शेरा पडतो, कारण याच्या भाऊबंदांची वस्ती कातडीवर असते. म्हणून मायक्रोबायोलॉजीला आधीच कळवायचं: ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिसची शंका आहे, ताटल्या जास्त दिवस ठेवा. पेनिसिलिनच्या घराण्यातल्या औषधांना तो अनेकदा दाद देत नाही, आणि पहिल्यांदा बहुधा तीच दिली जातात. चरबीत शिरणारी औषधं, उदाहरणार्थ डॉक्सिसायक्लिन, जास्त उपयोगी पडतात असं दिसलंय. तो जंतू आजाराचं कारण आहे की आयत्या बिळावरचा नागोबा, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे.

तिरकस
चरबीवर जगणारा, हळू वाढणारा, कोणाला दाद न देणारा. आमच्या ऑफिसात आहे एक.

कावळा
@तिरकस धागा हायजॅक करू नका. (हसून लोळलो.)

शुभ्रा_वाचते
मी वेगळंच ऐकलंय. दुखणारी गाठ म्हणजे कॅन्सर नसतो. मग दुखत असेल तर एवढ्या तपासण्या कशाला?

उर्मी
@शुभ्रा_वाचते नाही हो, हे कृपा करून पुढे पाठवू नका. कॅन्सरची गाठ बहुधा दुखत नाही, पण दुखूही शकते. आणि एक दाहक प्रकारचा कॅन्सर असतो, त्यात गाठ धड हातालाही लागत नाही. नुसता स्तन लाल, गरम, सुजलेला, कातडी जाडसर होऊन तिच्यावर बारीक खळगे. दिसायला थेट इन्फेक्शन. म्हणून अँटिबायोटिकचा एक नीट कोर्स घेऊनही लाली उतरत नसेल तर दुसरं-तिसरं अँटिबायोटिक बदलत बसण्यापेक्षा फोटो आणि बायोप्सी. हा नियम पाजणाऱ्या बाईलाही लागू.

शुभ्रा_वाचते
बरं झालं विचारलं. ग्रुपवर आलेलं होतं.

मनमोर
ग्रुपचं नाव सांगू नका, सगळीकडे तोच मेसेज फिरतोय.

रानजाई
उपचारांबद्दल थोडं लिहिते, सल्ला म्हणून नाही. मला प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड दिलं. त्याआधी शुगर, छातीचा एक्स-रे, हिपॅटायटिस बी, सगळं तपासलं. या आजारात स्टिरॉइड १९८० पासून वापरतात, म्हणजे काही नवीन प्रयोग नाही. गाठ भराभर उतरली. चेहरा गोल झाला, रात्री झोप उडाली, कपाटं आवरून झाली, शेजारचीही आवरायला निघाले होते. डोस कमी करताना पुन्हा थोडी सूज आली, तेव्हा प्रतिकारशक्ती दाबणारं मेथोट्रेक्सेट जोडलं. ती गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची असते. रोज नाही. पाकिटावर ठळक वार लिहून ठेवा, चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. आणि मूल हवं असेल तर ती चालत नाही, आधी डॉक्टरांशी बोलायचं.

आताशा गाठीतच स्टिरॉइडचं इंजेक्शन देणं किंवा कातडीवर मलम लावणं असंही करतात, त्याने पोटात घ्यायचं स्टिरॉइड कमी लागतं. आणि त्रास कमी असेल तर काहीच न देता फक्त लक्ष ठेवतात.

जुई_सायली
मी त्या 'काहीच न देता' वाल्यांपैकी. बायोप्सी झाली, नाव कळलं, डॉक्टर म्हणाले थांबू. घरातल्यांना हे अजिबात पटेना. एवढा आजार आणि औषध नाही म्हणजे डॉक्टरला कळतच नाही, असं सगळ्यांचं मत. वर्षाच्या आत गाठ विरली. खूण राहिली आहे.

सोनटक्का
सगळ्यांचे मनापासून आभार. थोडं कळवते.

कोअर बायोप्सी झाली. दोन डब्यांचं मी आधीच विचारलं. डॉक्टर बाई हसल्या आणि म्हणाल्या, 'कुठून शिकून आलात?' काका, तुमचं नाव सांगता आलं नाही, मैत्रिणीने सांगितलं म्हटलं. फॉर्मवर नडग्यांवरच्या गुठळ्यांसकट सगळं लिहिलं.

रिपोर्ट: लोब्यूल धरून ग्रॅन्युलोमा, न्यूट्रोफिल, मधे पोकळे, केझिएशन नाही, कॅन्सर नाही. झील-नील्सन निगेटिव्ह, बुरशीचं रंगकाम निगेटिव्ह. जीनएक्सपर्ट निगेटिव्ह. एक्स-रे स्वच्छ. प्रोलॅक्टिन किंचित वर, ते पुन्हा तपासायचं आहे. टीबीचं कल्चर लागायचंय. जिवाणूंच्या ताटल्या अजून ठेवल्या आहेत. पॅथॉलॉजिस्टना ग्राम रंगकाम पुन्हा बारकाईने बघायला सांगितलंय.

दोन्ही डॉक्टर फोनवर एकमेकांशी बोलले, हे मला सगळ्यांत मोठं वाटलं. टीबीचा कोर्स तूर्त सुरू करायचा नाही यावर सर्जनही राजी झाले. स्टिरॉइडही लगेच नाही. सध्या डॉक्सिसायक्लिन आणि ड्रेसिंग, कल्चर येईपर्यंत.

मनमोर
छान बातमी. कल्चर येईपर्यंत ताप, वजन बघत राहा हं. माझं टुमणं सुरूच राहणार.

सोनटक्का
@मनमोर राहू दे. तुमच्यामुळेच कल्चरची वाट बघायला तयार झाले, नाहीतर जीनएक्सपर्टवरच खूश होते.

पॅथकाका
पोकळे दिसले हे चांगलं झालं. ब्लॉक जपून ठेवायला सांगा. त्या मेणाच्या ठोकळ्यातून पुढे कधीही नव्या स्लाइड कापता येतात, दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचं मत घेता येतं, काही ठिकाणी जंतूंची जनुकीय तपासणीही करता येते. फक्त स्लाइडचा फोटो घेऊन दुसरीकडे गेलात तर तो फार काही करू शकत नाही.

नवीनच१२
धागा आत्ता सापडला. बायको सध्या पाजते आहे, एका बाजूला अशीच गाठ आहे, अँटिबायोटिक संपून आठवडा झाला, लाली आहेच. आमच्या डॉक्टरांचं म्हणणं, पाजणं थांबल्याशिवाय बायोप्सी नको, दूध वाहत राहील. थांबायचं का?

उर्मी
@नवीनच१२ पाजत असताना सोनोग्राफी आणि कोअर बायोप्सी दोन्ही होतात. टोचलेल्या जागेतून दूध झिरपत राहण्याचा धोका असतो, पण तो थोडा. त्यासाठी निदान महिनोन् महिने लांबवत नाहीत. स्तनाच्या डॉक्टरांकडे दुसरं मत घ्या, याच आठवड्यात. आणि बाळाला अचानक तोडू नका, दूध साचलं तर दुखणं वाढेल.

रानजाई
आणि नवीनच१२, डबी. दोन.